काडी म्हणजे काय

हातोडीनं आयुष्यात सगळ्यात जास्त मार कुणाला दिला असेल, तर स्वतःच्या धाकट्या भावाला. का, असं विचारलंत तर म्हणायचा, प्रेमापोटी. आणि खोटं नव्हतं ते. खोटं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

हातोडा नाही बरं का, हातोडी. माणूस बुटका, मूठ लहान, पण ती ज्याला बसायची तो आठवडाभर जेवताना हातोडीची आठवण काढायचा. पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात तो प्रेस चालवायचा. पत्रा आत सरकवायचा, पायाखालचं पेडल दाबायचं, वरून लोखंडी ठोकळा धाडकन खाली येणार, झाकण तयार. ते हातानं उचलायचं आणि लगेच पुढचा पत्रा. पायाची आणि हाताची जरा गल्लत झाली की झाकणाच्या जागी बोटं. असलं काम जन्मभर करणाऱ्याला मवाळ बोलता येत नाही. हातोडीला तर मवाळ हसतासुद्धा यायचं नाही.

त्याचा बापही त्याच कारखान्यात, त्याच प्रेसवर. बाप म्हणजे काय वल्ली होता म्हणून सांगू! एका काडीवर दुसरी पेटवायचा. सिगारेटला त्या घरात काडीच म्हणायचे. ओढून झाली की कमरेचा पट्टा काढायचा. मुलगा हसला म्हणून मारायचा, रडला म्हणून मारायचा, आणि गप्प बसला तर गप्प का बसलास म्हणून मारायचा. पण दोन-चार फटके हाणले की त्याला खोकल्याची उबळ यायची. भिंतीला हात टेकून तो वाकायचा, डोळे बाहेर यायचे, पट्टा हातातून गळून पडायचा. दोघं भाऊ पलंगाखाली एकमेकांना घट्ट धरून त्या खोकल्याचीच वाट बघत बसायचे. येऊ दे, लवकर येऊ दे. त्या काडीनं पोरांची पाठ वाचवली असं म्हटलं तर शहाणी माणसं खवळतील. खवळू देत. पलंगाखाली ती नव्हती.

मग ती उबळ थांबेनाशी झाली. शेवटच्या महिन्यात बाप रक्त ओकायचा आणि हातोडी त्याच्या तोंडाखाली घमेलं धरून उभा राहायचा. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. माणूस आतून फाटतो म्हणजे काय, ते त्यानं तिथे पाहिलं. ज्या हातानं पट्टा चालायचा तो हात चादरीवर नुसता तडफडत होता. त्याच हातानं बापानं त्याची गचांडी धरली आणि जवळ ओढून म्हणाला, "धाकट्याला काडी शिवू देऊ नकोस. शिवला तर तंगडी मोड, पण शिवू देऊ नकोस. असं मरण नको त्याला." आयुष्यात पहिल्यांदा बाप मुलाच्या भल्याचं काही बोलला होता. हातोडीनं ते काळजावर कोरून घेतलं. धाकट्याला धड ठेवायचा. बाकी जगाचं काहीही होवो.

बापाच्या जागी तो प्रेसवर उभा राहिला. घमेल्यातलं रक्त डोळ्यांसमोरून हललं नव्हतं, तेव्हा काडीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. पण त्या कारखान्याची रीत वेगळी होती. प्रेसवरच्या माणसाला मध्ये थांबायची सोय एकच. हात वर करून ओरडायचं, "काडी!" मग बदलीकाका यायचे. त्यांचं कामच ते होतं, ज्याला काडी ओढायची असेल त्याच्या मशीनवर तेवढा वेळ उभं राहायचं. ओढणारा बाहेर भिंतीशी जायचा, दोन झुरके मारायचा, पाठ सरळ करायचा, डोळे मिटायचा आणि माणूस होऊन परत यायचा. न ओढणाऱ्याला कशाची आली सुट्टी? तो आपला ठोकतोय सकाळपासून. लघवी तुंबली तरी ठोकतोय. "तुला कशाला हवी रे बदली? तू तर ओढत नाहीस!" फोरमन असं म्हणायचा आणि सगळी लाईन हसायची.

पहिल्याच वर्षी हातोडीची करंगळी गेली. झोप नव्हती आली, चक्करही नव्हती, नुसतं डोकं रिकामं झालं होतं. ठोकळा खाली आला तेव्हा त्याला वाटलं दुसऱ्याच कुणाचं तरी बोट आहे. फोरमननं हाताला फडकं गुंडाळता गुंडाळता त्याच्या कानफटात मारली. "गाढवा! ओढत नाहीस म्हणून गेलं बोट! ओढत असतास तर बाहेर उभा असतास आता!"

हात बरा झाल्यावर हातोडीनं काडी धरली. बोटं वाचवायला. ऐकायला विनोद वाटतो, पण त्या शेडमधल्या निम्म्या माणसांनी याच कारणानं धरली होती. कुणाला व्यसन कुणी लावलं, तर मशीननं लावलं.

धाकटा मोठा झाला. अंगानं काटकुळा, बोलायला गोड, वहिनीचा लाडका. एकदा त्याच्या खिशात हातोडीला काड्यांचं पाकीट सापडलं. मित्राचं होतं म्हणे. हातोडीनं 'म्हणे' ऐकलंच नाही. दाराला कडी लावली आणि मारलं, मारलं, मारलं. पुढचा दात हलला, ओठ फाटून हनुवटीवर आला. बायको दारावर बुक्क्या मारत होती, "अहो, मरेल तो! सोडा त्याला!" आत हातोडी रडत होता आणि मारत होता. "असं मरण नको रे तुला," म्हणत होता आणि मारत होता. शेवटी धाकटा म्हणाला, "दादा, नाही ओढणार. कधीच नाही." तो शब्द त्यानं पाळला. हातोडीनं मात्र त्याच संध्याकाळी गॅलरीत जाऊन दोन ओढल्या.

पुढे धाकटाही प्रेसवर आला, दादाच्या शेजारच्याच. आता आली का पंचाईत? काडी नाही तर सुट्टी नाही, आणि सुट्टी नाही तर बोटं नाहीत. हे हातोडीइतकं कुणाला ठाऊक असणार! त्यानं त्यातूनही वाट काढली. धाकट्याला बजावलं, "डोकं रिकामं झाल्यासारखं वाटलं, की मला हाक मार. काडी म्हण. बाकी काही म्हणू नकोस, फोरमन बोंबलेल." मग धाकटा ओरडायचा, "काडी!" हातोडी हात वर करायचा, बदलीकाका हातोडीच्या मशीनवर, आणि हातोडी धाकट्याच्या. आपल्या वाटणीचे झुरके सोडून तो भावाचं मशीन ठोकत राहायचा आणि खेकसायचा, "जा, पाणी पी. तोंडावर मार. भिंतीकडे गेलास तर बघ!" बदलीकाका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. असं कित्येक वर्षं चाललं. धाकट्याची दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली. त्या शेडमध्ये हे मोठं नवल होतं.

मग नवे साहेब आले.

साहेब माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सगळं त्याच्या डोक्यावर फोडून मोकळे व्हाल. त्याचीही आई धुरापायी गेली होती, आणि तिनं स्वतः कधी एक काडी ओढली नव्हती. नवऱ्याचा धूर तिनं गिळला. तेव्हा साहेब पेटलेला होता. आल्या आल्या त्यानं भिंतीकडची जागा साखळी लावून बंद केली. सकाळी फाटकात उभा राहून प्रत्येकाला म्हणायचा, "फुंका." माणसानं साहेबाच्या नाकावर फुंकायचं आणि साहेबानं हुंगायचं. लोकांनी त्याचं नाव फुंकर ठेवलं. कांदा खाऊन फुंकणारे निघाले, लसूण चावून फुंकणारे निघाले. साहेबानं नाकाला रुमाल लावला, पण हटला नाही. बाहेर दुकानांतूनही काडी महाग होत गेली, सिनेमात बंद झाली, बसमध्ये बंद झाली, घराघरांत पोरं बापाला गॅलरीतूनसुद्धा हुसकायला लागली. आणि बघता बघता लोकांनी सोडली हो! ज्या शेडमध्ये धुरानं छत दिसत नव्हतं, तिथे ओढणारे हाताच्या बोटांवर आले.

फायदा झाला नाही असं कोण म्हणतं? सकाळचं ते खाकरणं, थुंकणं, भिंती रंगवणं गेलं. खोकल्याच्या रजा कमी झाल्या, साहेबानं तसं फळ्यावर लिहूनच लावलं. जिना चढताना बसणारी माणसं न बसता चढायला लागली. हातोडीनंही सोडली. साहेबाच्या नाकाला भिऊन नाही. एका सकाळी बेसिनमध्ये थुंकला तर लाल. बाप आरशातून बघतोय असं वाटलं त्याला. पाकीट चुरगाळून मोरीत टाकलं, ते शेवटचं.

पण आता काडी नाही, तर बदली कशाला? वरच्या ऑफिसनं बदलीकाकांना उचललं आणि पॅकिंगला बसवलं. झाकणं वाढली. साहेबही तेव्हा म्हणाला होता, "एक माणूस राहू द्या," पण त्याचं कुणी ऐकलं नाही, आणि त्यानंही पुढे ताणून धरलं नाही. आता सकाळपासून जेवणापर्यंत आणि जेवणापासून भोंग्यापर्यंत, ठोक, ठोक, ठोक. थांबायचं तर टॉयलेट, तेही सुपरवायझरला विचारून. त्या वर्षी लाईनमध्ये तीन माणसांची बोटं गेली, एकाचा पंजा गेला. पण ती मोजणी आरोग्याच्या फळ्यावर नव्हती. खोकला आरोग्यात जायचा, बोटं निष्काळजीपणात जायची. फळा बघाल तर शेड ठणठणीत.

आणि हातोडीचं डोकं? त्याचं विचारूच नका. काडी सुटली आणि भुतानं झपाटल्यासारखा झाला. झोप नाही, भूक राक्षसासारखी, आणि मस्तक सदान्‌कदा तापलेलं. पाना मागितला तो वेळेत दिला नाही म्हणून फिटरच्या नाकावर मूठ ठेवून दिली. हाड मोडल्याचा आवाज मशीनच्या आवाजातही ऐकू आला. घरी दार जरा अडकलं तर लाथ घालून दाराची फळी फोडली. ताट भिंतीवर गेलं, ते उसळून बायकोच्या कपाळात बसलं. टाके घालून आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, आधी घरात धूर होता, आता आग आहे. मी खोकत होते, पण जिवंत तरी होते." हातोडी तिच्या पायाशी बसला. माफी मागितली, खरोखर मागितली. दुसऱ्या दिवशी रस्त्यात हॉर्न वाजवणाऱ्याला गाडीतून ओढून बडवला. छाती त्याची हलकी झाली होती, श्वास मोकळा झाला होता, मूठ पूर्वीपेक्षा जोरात बसत होती. तब्येत सुधारली होती ना!

त्यातच त्याच्या मनात किडा वळवळायला लागला. धाकटा हल्ली सारखा टॉयलेटला जायचा. हात वर, "जाऊ का?", आणि गेला की लवकर परत नाही. परत यायचा तेव्हा डोळे लाल. हातोडीनं विचारलं, "काय रे, काय करतोस आत?" धाकटा म्हणाला, "काही नाही रे." आता मोठ्या भावाला काय सांगणार तो? की आत जाऊन भिंतीला डोकं टेकून नुसता उभा राहतो, कारण दुसरीकडे उभं राहायला जागाच उरली नाही? लाज वाटली असणार. काही नाही म्हणाला आणि विषय संपला. हातोडीच्या डोक्यात मात्र संपला नाही.

फलक मिळायचा होता त्या दिवशी कारखाना धुऊन पुसून काढला होता. धूरमुक्त कारखाना म्हणून फलक द्यायला पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते. सकाळीच साहेबानं हातोडीला बाजूला घेतलं. हळू आवाजात, अगदी सभ्यपणे बोलला, "टॉयलेटमध्ये काल धूर होता. मी नाव घेत नाही. पण तुमचे भाऊ बरेचदा तिकडे असतात. तुम्ही वडीलधारे आहात, तुम्हीच समजावा."

हातोडीच्या कानात रक्त धडधडायला लागलं. समजावा! अरे, ज्याच्यासाठी बापानं मरताना गचांडी धरली, ज्याचा ओठ फोडला, ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं आपली काडी सोडून ठोकत उभा राहिलो, तो आत जाऊन फुंकतोय? आणि तेही आपण सोडली तेव्हा? तो मशीनवर गेला आणि असा काही ठोकायला लागला की पत्र्यासकट मशीन हादरलं. दर झाकणागणिक त्याला धाकट्याचं तोंड दिसत होतं. संध्याकाळी बघतो, असं तो स्वतःशी म्हणत होता. संध्याकाळी घरी बघतो. तेवढं भान त्यानं धरून ठेवलं होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

पाहुण्यांसाठी वेग वाढवला होता. पंखे बंद होते, कारण बॅनर उडत होता. दुपारच्या सुमाराला पाहुणे शेडमध्ये शिरले, साहेब पुढे, फोटोवाला मागे. मशीनं धाडधाड चालू. आणि त्या सगळ्या गदारोळात धाकट्यानं डावा हात वर केला. चेहरा त्याचा पांढराफटक पडला होता, तोंड अर्धवट उघडं होतं. टॉयलेट विचारायला सुपरवायझर जवळ नव्हता, तो पाहुण्यांच्या मागे होता. धाकट्यानं शेजारी बघितलं, आपल्या भावाकडे, आणि जुन्या सवयीनं, सगळा जीव एकवटून ओरडला, "काडी!"

पाहुणे थबकले. कुणीतरी हसलं.

हातोडीला तो शब्द ऐकू आला आणि डोळ्यांसमोर घमेलं आलं. दुसरं काही आलंच नाही. इतकी वर्षं ज्या शब्दासरशी तो भावाच्या मशीनवर धावला होता, त्याच शब्दासरशी तो आताही धावला. "काडी पाहिजे? माझ्यासमोर मागतोस?" म्हणत त्यानं मागून धाकट्याच्या मानेवर मूठ हाणली. जोरात. जितक्या जोरात हाणता येईल तितक्या.

धाकटा पुढे कोलमडला. तोल सावरायला उजवा हात पुढे गेला, आणि पाय पेडलवर पडला.

ठोकळा खाली आला. बोटांवर नाही, मनगटाच्याही वर. धाकटा ओरडला नाही. त्याच्या तोंडून हवा निघाल्यासारखा आवाज आला आणि तो हाताला लटकून राहिला. रक्त आधी पत्र्यावर आलं, मग हातोडीच्या छातीवर उडालं, मग खाली झाकणांच्या ढिगात. कुणीतरी किंकाळी फोडली, ती पाहुण्यांतल्या बाईची होती. फिटरनं मेन स्विच खेचला आणि शेड एकदम मुकी झाली. त्या शांततेत ठिबकण्याचा आवाज ऐकू येत होता. मशीनचं जड चाक हातानं उलटं फिरवल्याशिवाय ठोकळा वर जाणार नव्हता. ज्याचं नाक हातोडीनं मोडलं होतं तोच फिटर चाकाला लटकला. पॅकिंगमधून बदलीकाका धावत आले आणि तेही लटकले. दात खाऊन त्यांनी ते चाक फिरवलं. जितका वेळ फिरत होतं तितका वेळ हाड आतल्या आत करकरत होतं. हातोडीनं भावाला मागून कवेत धरलं होतं. धाकट्याचं डोकं त्याच्या खांद्यावर कलंडलं, तोंड अगदी नाकाशी आलं, उघडं, धापा टाकणारं.

वास नव्हता. चहाचा होता, बाकी कसलाच नव्हता.

"अरे, तू ओढली नाहीस?" हातोडी वेड्यासारखा विचारत राहिला. "धाकट्या, ओढली नाहीस तू?" धाकट्याची शुद्ध गेली होती. फिटर खाली मान घालून चाकाला धरून उभा होता. टॉयलेटमधला धूर त्याचा होता. ते त्यानं तिथल्या तिथे सांगितलं, सगळ्यांसमोर. आज मला मारून टाक, असंही म्हणाला. हातोडीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हॉस्पिटलमध्ये कोपराखालून हात काढला. धाकटा शुद्धीवर आल्यावर तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. शुगर? नाही. दारू? नाही. सिगारेट? "कधीच नाही," धाकटा म्हणाला. "वा!" त्या बाई मनापासून म्हणाल्या, "म्हणूनच तब्येत इतकी छान आहे. फुफ्फुसं एकदम स्वच्छ. न ओढणाऱ्यांची जखम लवकर भरते, बघा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. जखम खरोखरच लवकर भरली. हातोडी दाराशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. मग तो बाहेर गेला आणि कॉरिडॉरच्या भिंतीवर त्यानं मूठ मारायला सुरुवात केली. दोन वॉर्डबॉयनी धरेपर्यंत मारत राहिला. त्याच्या मुठीची दोन हाडं मोडली, ती त्याच हॉस्पिटलात बसवली.

चौकशी झाली. धाकट्यानं सांगितलं, माझा पाय घसरला. पाहुण्यांना गर्दीत नीट काही दिसलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं होतं ते गप्प बसले. निष्काळजीपणा, असं ठरलं. साहेब एकदा घरी येऊन गेला, पलंगाच्या कडेला बसला, रडला. "मी फक्त समजावा म्हणालो होतो," एवढंच परत परत म्हणत होता. फलक मिळायचा तो मिळालाच, फाटकावर लागला. शेडमध्ये एक वर्ष कुणाच्या छातीची तक्रार नव्हती, हेही खरंच होतं.

हातोडीनं प्रेस सोडली. धाकट्याला अंघोळ घालायची, भरवायचं, दाढी करायची, सगळं तोच करायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. धाकटा 'हो' आणि 'नको' यापलीकडे बोलायचा नाही. ते हातोडीला सोसवेना. त्याला शिव्या हव्या होत्या. "बोल की रे काहीतरी," तो म्हणायचा. "पाय घसरला म्हणून का सांगितलंस? तुरुंगात गेलो असतो तर बरं झालं असतं." धाकटा खिडकीबाहेर बघत बसायचा.

असेच दिवस गेले. एका सकाळी हातोडी त्याच्या शर्टाची बटणं लावत होता. मूठ मोडलेली, बोटं आखडलेली, बटण काजात जाईना. धाकटा बराच वेळ ते बघत राहिला. आणि अचानक त्यानं डाव्या हातानं हातोडीच्या तोंडावर फाडकन लगावली.

हातोडी हलला नाही. "अजून," म्हणाला.

मग धाकट्यानं सोडलं नाही. गालावर, कानावर, कपाळावर, जिथे लागेल तिथे. डाव्या हाताची सवय नव्हती, निम्मे फटके वाया जात होते, तो हुकायचा, पडायला व्हायचा आणि परत मारायचा. उजवं कोपरही सुटायचं, जणू पुढे हात आहेच, आणि जखमेला धक्का लागला की तो कळवळायचा. हातोडीच्या ओठातून रक्त यायला लागलं. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली. या वेळी ती 'सोडा' म्हणाली नाही. हातोडी दोन्ही हात खाली सोडून उभा होता, आणि पडायला आलेल्या भावाला पडू नये म्हणून अधूनमधून कमरेला धरत होता.

शेवटी धाकट्याचा हात खाली आला. तो धापा टाकत होता.

"थकलो रे दादा," तो म्हणाला.

हातोडीनं पायानं खुर्ची ओढली आणि त्याला बसवलं.

"त्या दिवशी पण तेच सांगत होतो," धाकटा म्हणाला. "तुलाच हाक मारली होती मी. दुसऱ्या कुणाला नाही."

"ऐकू आली होती," हातोडी म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला आणि उरलेली बटणं लावायला लागला.